गवताच्या गावातली पालेभाजी

झाशीत ग्वाल्हेर रस्त्यावर सरकारची गवताची एक मोठी संस्था आहे. चराऊ कुरणं आणि चारा यांवर संशोधन करणारी, 1962 साली स्थापन झालेली. बरसीम, लसूणघास, ओट असल्या गोष्टींवर तिथे विद्वान माणसं आयुष्य घालवतात. त्यामुळे आमच्याकडे ताटात पालेभाजी दिसली की ह्यांचा विनोद ठरलेला, "आज संस्थेतून आणलीस वाटतं." लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले, तेव्हापासून हा विनोद ऐकते आहे. भाजी मात्र दरवेळी ताजी असते.

सासर इथलं जुनं मराठी. अठराव्या शतकात नारोशंकरांनी झाशी वसवली, तेव्हा दक्षिणेतून आलेल्यांतले आपण, असं सासूबाई सांगायच्या. बोलणं अर्धं बुंदेली झालं, तरी गौरीच्या जेवणात अळूचं फदफदं लागतंच. एरवी हिवाळाभर राज्य बथुव्याचं, म्हणजे आपल्या चाकवताचं. हा गव्हाच्या शेतात न पेरता उगवतो. शेतीच्या पुस्तकात त्याचं नाव तणांच्या यादीत असतं आणि मंडईत त्याचीच ढेरी मांडून बाई ओरडत असते, "काए जिज्जी, बथुआ लै जाओ!" जे उपटून टाकायचं तेच पैसे देऊन घ्यायचं, यात मला कधी काही चुकीचं वाटलं नाही.

पालेभाजी करायला सोपी, असं म्हणणाऱ्यानं ती कधी निवडलेली नसते. शिजवायला दहा मिनिटं, निवडायला अख्खी दुपार. डिसेंबरात झाशीची गच्ची उन्हानं ऊबदार होते, तिथे शेजारच्या जिज्जी आणि मी सूप घेऊन बसतो. जाड देठ इकडे, पिवळं पान तिकडे, मधेच एखादी गवताची काडी. एका ढेरीत साधारण एक लग्न जुळतं आणि भावाभावांतली एक वाटणी निकालात निघते. फ्लॅटमधल्या मुलींना निवडून, चिरून, पिशवीत भरलेली भाजी मिळते. त्यांची सोय झाली हे खरं, पण मोहल्ल्यातल्या बातम्या त्यांना उशिरा कळतात.

एवढा डोंगर निवडून कढईत टाकावा, तर तो बघता बघता वाटीत मावेल इतका होतो. पानांत दहातले नऊ भाग पाणीच असतं, त्याला कोण काय करणार? नव्या नवरीनं मीठ आधी घातलं की भाजी हमखास खारट होते, ती याचमुळे. सासूबाईंचा नियम असा, की भाजी बसल्यावर मीठ आणि कढईवर झाकण नाही. झाकणाचं कारण मला फार पुढे समजलं. पानातली आम्लं वाफेबरोबर उडून जायला हवीत. झाकण ठेवलं की ती परत भाजीत उतरतात, हिरव्या द्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि भाजी पोलिसांच्या गणवेशासारखी खाकी होते. चिमूटभर सोड्यानं रंग टिकतो खरा, पण जीवनसत्त्वं जातात. हॉटेलवाल्यांना रंग महत्त्वाचा, आपल्याला तसं असायचं कारण नाही.

चाकवत मी ताकातला करते. डाळीचं पीठ लावून, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून, वर लसणीची फोडणी. जिज्जी उकडलेला बथुआ दह्यात कालवून भाजलेलं जिरं भुरभुरतात. या पानांत ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं. दह्याताकातलं कॅल्शियम त्याला पोटातच धरून ठेवतं, त्यामुळे ते अंगात कमी मुरतं. कोणत्या आजीला हे ठाऊक होतं कोण जाणे, पण दोन्ही स्वयंपाकघरांनी दुधाचंच दार ठोठावलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2011 च्या मार्गदर्शिकेत माणशी रोज 50 ग्रॅम पालेभाजी सांगितली होती. हे डॉक्टरांकडून कळल्यावर ह्यांनी काटा मागवला. शिजलेली की कच्ची, यावर घरात चर्चा झाली. ह्यांनी कच्चीचा पक्ष घेतला, कारण 50 ग्रॅम कच्च्या भाजीची शिजल्यावर जेमतेम दोन चमचे होते. तेव्हापासून काटा माळ्यावर आहे.

माझी खरी आवडती हरभऱ्याची. बुंदेलखंड हरभऱ्याचा मुलूख. पेरल्यावर महिन्या-सव्वा महिन्यानं शेंडे खुडले की फांद्या जास्त फुटतात आणि घाटेही वाढतात, म्हणून शेतकरी खुशीनं खुडू देतो. पानांवर आंब असते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची, त्यामुळे वेगळं आंबट काही लागत नाही. आपल्याकडे रात्री पिकावर फडकं पसरून दवाबरोबर ही आंब गोळा करत. जास्तीची भाजी मी सावलीत वाळवून, चुरून बरणीत भरते. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीला मंडई कोमेजली की तुरीच्या डाळीत तीच कामाला येते.

मागे पुण्याच्या भाच्याला एक बरणी पाठवली. आठवड्यानं त्याचा फोन आला, "मामी, तुमचा तो ग्रीन टी रोज सकाळी घेतो. वजन काही उतरलं नाही, पण लिंबू पिळावं लागत नाही."