पोळपाट आणि मी

लाकडाची निगा हा माझा विषय आहे, असं मीच जाहीर केलेलं आहे. पोळ्या मला लाटता येत नाहीत. पण पोळपाटावर मी पाहुण्यांचा चहा गार होईपर्यंत बोलू शकतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं ते आडव्या अंगाने, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून एकच बाजू ओली राहिली की पोळपाट बाक धरतो. हे मी किंचित डोळे मिटून सांगतो. "हो, म्हणून तर आम्ही तो उभा ठेवतो," असं एखादी काकू म्हणून जाते आणि माझं व्याख्यान बसतं.

मग मी पायांकडे वळतो. पोळपाटाला पाय तीनच का? तीन पाय कितीही उंचसखल जमिनीवर एकदम टेकतात. चौथा आला की एक जण हवेत राहण्याची भीती आलीच. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, हे मी शाळेत छड्या खाऊन शिकलो. चुलीच्या तीन दगडांना ते कधीचंच ठाऊक होतं. हॉटेलात डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी सारणारा पोऱ्या दिसला की मला चौथ्या पायाविषयी मनापासून बोलावंसं वाटतं. कॅमेऱ्याची तिवई घ्या, गोठ्यातली तिपाई घ्या...

"अहो, पायांचं झालं असेल तर पोळपाट द्या. तवा तापलाय."

तेलाचं खातं मात्र माझ्याकडे आहे. शेंगदाण्याचं तेल लाकडात मुरून खवट होतं, खाण्यायोग्य मिनरल ऑइल होत नाही. म्हणून मी तेच वापरतो. एखाद्या रविवारी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून मी तेल चोळायला बसतो. घरातले मला ओलांडून जातात. शेजारी म्हणतात, "घरात किती मदत करता हो तुम्ही!"

इथे मला खरोखर राग येतो, आणि तो शेजाऱ्यांचा नव्हे. रोज दोन्ही वेळा वाळलेली कणीक उलथन्याच्या कडेने खरवडायची, घट्ट पिळलेल्या फडक्याने पोळपाट पुसायचा, वाऱ्याला उभा करायचा. यासाठी बायकोला आजवर एकाही पाहुण्याने शाबासकी दिलेली नाही. तिच्याआधी आईला दिली नव्हती. मीही नाही. पोळपाटाच्या मध्यावर हात फिरवला की किंचित खोलगट लागतं, ते आईच्या लाटण्याचं. सुतार म्हणाला, रंधा मारून सपाट करून देतो. मी त्याला नको म्हणालो आणि लाकडाच्या रेषांबद्दल काहीतरी तांत्रिक कारण सांगितलं. ते कारण मला आता आठवत नाही.

तेव्हा वाचकहो, आज रात्री तुमच्या घरचा पोळपाट तुम्ही पुसा. भिजत टाकू नका. फडकं घट्ट पिळा, खालची बाजूही पुसा आणि उभा ठेवा. तेलाचं मागाहून बघू.