आधी उजेड, मग काच, बॉडी शेवटी

भाच्याचा फोन आला. तालुक्याला लग्नाच्या फोटोंचं काम सुरू करायचं म्हणतो. सव्वादोन लाखांचं कर्ज जवळपास मंजूर, कॅमेराही ठरलेला. ३३ मेगापिक्सेल, फुल फ्रेम. मी विचारलं, लेन्स कुठली? "मामा, २८-७० सोबतच येते." आणि फ्लॅश? "तो पहिल्या दोन ऑर्डरी झाल्या की घेऊ."

त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्याला शिकवलंच हे गेलंय. दुकानाच्या काचेत पुढे मांडलेली असते ती बॉडी, आणि यूट्यूबवर खोकं उघडून दाखवतात तेही बॉडीचं. रिव्ह्यू पहिल्या आठवड्याचा असतो, हप्ता चोवीस महिन्यांचा. दोन पावसाळे काढलेल्या कॅमेऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. मी गेली कित्येक वर्षं मांडवात उभा आहे, म्हणून मी बोलतो. पैसे आधी उजेडावर घाला, मग काचेवर, आणि उरेल त्यात बॉडी बसवा.

मेगापिक्सेलची भूल आधी उतरवू. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं होतं आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून पुढे हा आकडा वाढत गेला ती खरी प्रगती होती. लग्नाच्या कामापुरतं बोलायचं तर पोट कधीच भरलंय. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं पान, इंचाला ३०० ठिपके धरून, ५४०० बाय ३६०० मध्ये छापून होतं. पान भरून वर उरतं. भाच्याच्या ३३ मध्ये फोटोची लांबी होते ७००८, म्हणजे सतरा टक्के जास्त. या सतरा टक्क्यांसाठी मोठी कार्डं, मोठी हार्ड डिस्क आणि रात्री दोन वाजता रडतखडत चालणारा कॉम्प्युटर. बरं, हे फोटो बहुतेक नातेवाईक बघणार व्हॉट्सॲपवर, तळहाताएवढ्या स्क्रीनवर.

फुल फ्रेमचंही तसंच. सेन्सर मोठा असला की अंधारात चित्र स्वच्छ येतं, हे खरं आहे. पण किती मोठा? ३६ बाय २४ मिलिमीटर. त्याच्या धाकट्या भावाचा, एपीएस-सीचा, साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर अडीच पटसुद्धा भरत नाही. आता काचेकडे बघा. ती २८-७० पूर्ण पुढे नेली की एफ/५.६ वर येऊन थांबते. ५० मिमीची साधी एफ/१.८ प्राइम तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. अंधाऱ्या कार्यालयात जिथे आयएसओ ६४०० वर जावं लागत होतं, तिथे ६५० च्या आसपास भागतं. अडीच पटीसाठी लाख मोजायचे आणि दहा पटीला "नंतर बघू" म्हणायचं, हा व्यवहार मला पटत नाही. भाच्याला मी हे आकडे कागदावर मांडून पाठवले. त्याने दुकानदाराला दाखवले तर दुकानदार म्हणाला, "बॉडी चांगली असली की लेन्स कुठलीही चालते." हे वाक्य ज्या दुकानात ऐकाल तिथून उठा.

पण प्राइमचं मोठं उघडं तोंडसुद्धा स्टेजवर कामाचं नाही. वधूवरांभोवती सतरा माणसं दोन ओळींत उभी राहिली की एफ/१.८ वर मागची ओळ धूसर होते. मामा-मामी धूसर असलेला फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. तिथे एफ/५.६, एफ/८ लागतं, म्हणजे तुमच्या महागड्या काचेचं तोंड तुम्हालाच आवळून धरावं लागतं. मग उजेड आणायचा कुठून? स्वतःचा. बॉडी कितीही भारी असो, लग्नाच्या फोटोग्राफरला याच्यातून सुटका नाही.

नवी मुलं कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवून तो छताकडे वळवतात, कारण व्हिडिओत तसं दाखवलेलं असतं. त्या व्हिडिओतलं छत पांढरं आणि आठ-नऊ फुटांवर असतं. आपल्याकडे वर एक तर वीस फुटांवरचा पत्रा असतो, नाहीतर मांडववाल्याने ताणलेलं गुलाबी कापड. गुलाबी कापडावरून परत आलेला उजेड नवरदेवाला गुलाबी करतो आणि तो रंग नंतर कॉम्प्युटरवर नीट निघत नाही, कारण स्टेजच्या कडेचा माणूस पिवळ्या हॅलोजनमध्ये उभा असतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. एक स्टँड, एक पांढरी छत्री, एक ट्रिगर. साधा मॅन्युअल फ्लॅश धरून हे सगळं मिळून भाच्याच्या कर्जाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाईल.

आणि ते स्टँड लांब ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, हे शाळेत शिकलेलं असतं, स्टेजवर कुणाला आठवत नाही. छत्री पुढच्या ओळीपासून दोन मीटरवर आणि मागच्या ओळीपासून तीन मीटरवर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या निम्म्याहूनही कमी उजेड मिळतो. पुढे नवरी पांढरीफटक, मागे आत्या काळवंडलेली. तीच छत्री चार आणि पाच मीटरवर न्या, मागच्या ओळीला जवळपास दोन-तृतीयांश मिळतो आणि चेहरे एकसारखे दिसतात. त्यासाठी फ्लॅशला मात्र चौपट जोर लागतो, म्हणून घेताना जोर तपासा. खोक्यावर छापलेला जोराचा आकडा, म्हणजे गाइड नंबर, बऱ्याचदा फ्लॅशचं डोकं २०० मिमीला झूम करून मोजलेला असतो. छत्रीत तो आकडा कोसळतो. दुकानात छत्री उघडायला लावा, चार मीटरवर दुकानातल्या पोऱ्याला उभं करा, आयएसओ ४०० आणि एफ/८ वर फोटो काढा. मग लागोपाठ दहा फोटो काढा आणि कितव्या फोटोला फ्लॅश गप्प बसतो ते मोजा. अंतरपाट खाली जातो तेव्हा तुमच्या सेलमध्ये जीव भरेपर्यंत गुरुजी थांबत नाहीत.

एलईडीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथे मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या काळात एक स्वस्त एलईडी पॅनेल घेतलं होतं. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा नव्वदीच्या वर. हळदीला काही कळलं नाही. लग्नाच्या दिवशी नवरी लाल शालू नेसून आली आणि सगळ्या फोटोंत शालू विटकरी, तपकिरीकडे झुकलेला. अल्बम बघताना नवरीच्या आईने पानावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "आमचा शालू असा होता का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो शालू त्यांनी कर्ज काढून घेतला होता, हे मला नंतर कळलं.

कारण पुढे समजलं. सीआरआयचा तो आकडा आठ नमुना रंगांची सरासरी असतो आणि ते आठही रंग फिकट आहेत. गडद लाल हा नववा, त्याला आर९ म्हणतात, आणि तो त्या सरासरीत धरलेलाच नसतो. लालमध्ये नापास झालेला दिवासुद्धा खोक्यावर नव्वदीच्या वर छाती काढून उभा राहू शकतो. आपल्या लग्नात तर कुंकू लाल, शालू लाल, मळवट लाल. त्वचेचा रंगसुद्धा लालवरच उभा असतो. म्हणून एलईडी घेताना आर९ किती ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर खिशातून कुंकवाची डबी काढा. सोबत लाल रेशमाचा तुकडा न्या. तो तुकडा, कुंकू आणि आपला तळहात दिव्याखाली धरून फोटो काढा, मग तेच तिन्ही दुकानाबाहेर सावलीत धरून. दोन्ही वेळा पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स लावून घ्या. दोन फोटो शेजारी ठेवले की खोक्याशी वाद घालायची गरज उरत नाही.

आता बॉडी. तिला मी कमी लेखत नाही, तिला वेगळे प्रश्न विचारतो. कार्डाचे खण दोन आहेत का? पहिला प्रश्न हाच. माझ्या एका मित्राचं कार्ड सप्तपदीनंतर मेलं. दुसरं कार्ड नव्हतं आणि सप्तपदी परत होत नाही. दुसरा प्रश्न फोकसचा. डोळा पकडणारा फोकस सगळेच मिरवतात, पण तो मान खाली घातलेल्या मुलीवर तपासा, जिचा एक डोळा मुंडावळ्यांच्या लडींआड गेलाय आणि समोरून अक्षता पडतायत. तिसरा प्रश्न आवाज बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. साध्या सेन्सरचं इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, तेवढ्यात दिवा बदललेला असतो आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. कार्यालयात मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे बहुतेक जातात. सजावटीच्या रंगीत एलईडी माळा याला जुमानत नाहीत, त्यांचं लुकलुकणं निराळ्याच वेगाने चालतं.

माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जोडणारी कडी, ठरवताना जाहिरात बाजूला ठेवा आणि गावातले चार फोटोग्राफर काय वापरतात ते बघा. काच पंधरा-वीस वर्षं टिकते, बॉडी पाच-सहा वर्षांत बदलली जाते, आणि माउंट एकदा धरला की सोडवत नाही. लग्नाच्या सकाळी लेन्स हातातून पडली तर शेजारच्या गल्लीतून उसनी आणता आली पाहिजे. हा फायदा कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात लिहिलेला नसतो.

बिलाशिवाय स्वस्त मिळणारा आयात माल घेऊ नका. भारतातली वॉरंटी नसेल तर बिघाडाचा सगळा खर्च तुमच्या डोक्यावर, आणि मुहूर्त काही दुरुस्तीसाठी थांबत नाही. जुनी बॉडी घ्यायला मात्र माझी ना नाही. तिचं शटर किती वेळा पडलंय ते विचारून घ्या. चांगल्या बॉडीचं शटर बहुतेक दीड ते दोन लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. एका लग्नात तीन हजार क्लिक धरले तर साठ लग्नांत एक लाख ऐंशी हजार. एवढा साधा हिशेब न करता लोक जुना कॅमेरा घेतात.

जुनी काच घेताना खिशात टॉर्च हवीच. छिद्र पूर्ण उघडायचं, मागून तिरका उजेड टाकायचा आणि पुढून बघायचं. धुळीचे कण दिसले तर चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू एका बिंदूपासून पसरलेले दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत द्यायची. मुंबईत आणि कोकणात दोन पावसाळ्यांत चांगल्या लेन्सची अशी माती झालेली मी पाहिलीय, आणि त्यातल्या बऱ्याच चामड्याच्या सुरेख केसमध्ये जपून ठेवलेल्या होत्या. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. काही लोक डब्यात तांदूळ घालतात. तांदळाची पिठूळ धूळ लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसते, ते करू नका.

भाच्याने कर्जाची रक्कम निम्मी केली आहे. दोन कार्डांची २४ मेगापिक्सेलची जुनी बॉडी, एक ५० मिमी, दोन फ्लॅश, दोन छत्र्या, अशी त्याची नवी यादी आहे. आर९ हा शब्द त्याने तीन वेळा माझ्याकडून म्हणवून घेऊन वहीत लिहिला. शनिवारी आम्ही दोघं मुंबईच्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत जाणार आहोत. ताईने ट्रंकेतून आपला लग्नातला शालू काढून पिशवीत घालून दिलाय. नुसता तुकडा चालेल म्हटलं तर ती ऐकायला तयार नाही.