लढाईच्या पत्त्यांत आपला बैल

एडिसन, न्यू जर्सी

ती. याडी-बापू,

इकडे सगळे खुशाल. घरात तेवढी लढाई पेटली आहे, आणि ती तुमच्या नातवाने पेटवली. शेजारी कुणी जुनं सामान अंगणात विकायला मांडलं होतं. तिथून साहेब पत्त्यांचा गठ्ठा घेऊन आले. टॉप्स कंपनीने १९९१च्या आखाती युद्धावर काढलेले 'डेझर्ट स्टॉर्म' पत्ते! जनरल पॉवेल, जनरल श्वार्झकॉफ, रणगाडे, विमानं. आम्ही पोहरादेवीत काडीपेटीचे छाप जमवायचो. इथे च्युइंगमवाल्यांनी अख्खं युद्ध पाकिटात भरून विकलं.

आता रोज जेवणानंतर ट्रम्प कार्डासारखा डाव. वेग, वजन, पल्ला. ज्याचा आकडा मोठा, त्याने दुसऱ्याचा पत्ता उचलायचा. तुमची सून मेंढीकोटवाली. विमान हातात धरून विचारते, "पण हुकूम कोणता?"

परवा पोराने विचारलं, "यात आपलं कोण?" मग मी आपल्या बंजाऱ्यांची लदेणी सांगितली, बैलांवर धान्य लादून नेण्याचा धंदा. शाहजहानच्या फौजेमागे धान्य वाहणारे भंगी-जंगी नाईक, त्यांचे लाखावर बैल. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्ली आपल्या वऱ्हाडात अडगावला लढला, गाविलगड चढला, तेव्हाही त्याच्या फौजेला बंजाऱ्यांचं धान्य लागत होतं. पण पत्त्यावर चित्र सेनापतीचं! ही खोड अमेरिकेचीच नाही. अकबराच्या गंजिफा पत्त्यांत अश्वपती होता, गजपती, गडपती, अगदी धनपतीसुद्धा. धान्यपती तेवढा नाही.

झालं. पोराने पुठ्ठा कापून स्वतःच पत्ता काढला: 'लदेणीचा बैल. वेग: मनात येईल तसा. इंधन: कडबा. तोफ: नाही. खास ताकद: हा परत फिरला की फौज उपाशी.' आणि नियमही त्याचाच, या पत्त्यापुढे रणगाडासुद्धा हरतो. मी कुरकुर केली, तर सून म्हणाली, "सापडला हुकूम!" तेव्हापासून दोघं मिळून मला लुटतात.

आता पोराला पत्त्यावर खरा फोटो हवा आहे. यंदा पोहरादेवीत रामनवमीच्या यात्रेची गर्दी ओसरली की नगाऱ्याच्या आकाराच्या त्या नव्या संग्रहालयासमोर आपला बैल उभा करून एक फोटो काढा. सोबत वय आणि वजन कळवा. बापू, वजन फुगवून सांगू नका. पोरगं आकडे तपासतं.

तुमचा,
बंडू