लागलं तर?

नाशिककराला समुद्र नाही आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नाही. गोदावरी आहे, गंगापूरचं धरण आहे, डिसेंबरात दात वाजवणारी थंडी आहे. पण मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी 'यंदा कोकण' असा ठराव पास होतो आणि त्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे जाते ते गृहस्थ म्हणजे नाना. नाना हे पद आहे. गंगापूर रोडला, इंदिरानगरला, सिडकोत, नाशिकरोडला प्रत्येक इमारतीत त्या पदावर कोणीतरी असतंच. जागा कधी रिकामी राहत नाही.

यातले अस्सल नाना कुठल्या तरी कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले असतात. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती झाल्या, नाशिकरोडची प्रेस तर इंग्रजांच्या काळातली. या सगळ्यांनी शहराला नोकऱ्या दिल्या आणि एक स्वभावही दिला. ऐन वेळी एक वॉशर नाही म्हणून अख्खं विमान उभं राहिलेलं ज्याने पाहिलंय, तो माणूस नागावला तीन दिवसांसाठी जाताना गाळणीशिवाय घराबाहेर पडेल कसा?

पूर्वी हा प्रश्न नव्हता. कोकणात 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी दिसली की आत शिरायचं. वाडीतल्या पडवीला लागून खोली, जेवायला मालकीणबाईंच्या हातचं. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहरी योजनेने अशी कितीतरी घरं पाहुण्यांसाठी उघडली. माणूस दोन कपडे आणि पंचा घेऊन जायचा. मग अख्खा बंगला भाड्याने मिळू लागला, आणि जाहिरातीत एक वाक्य आलं: 'सुसज्ज किचन उपलब्ध'. या वाक्याने नानांचं आयुष्य बदललं.

सुसज्ज म्हणजे काय, ते ज्यांनी असा बंगला घेतलाय त्यांना ठाऊक आहे. वाइनचे सहा पेले असतात, चहाची गाळणी नसते. मायक्रोवेव्ह असतो, सांडशी नसते. सुरी असते, पण तिने टोमॅटो कापला जात नाही, चेपला जातो. बुडाचा काळा थर खवल्यांनी सुटत चाललेला एक नॉनस्टिक तवा असतो. लायटर असतो, तो टिकटिकतो. आणि सगळ्या खोलीत मिळून एकच प्लग, तोही पलंगाच्या मागे. हे सगळं नानांनी एका वर्षी पाहिलं आणि पुढच्या वर्षापासून यादी सुरू झाली.

यादी महिनाभर आधी निघते. पहिला कच्चा मसुदा दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर, पक्की प्रत जुन्या डायरीत. वस्तू, नग, पिशवी क्रमांक असे रकाने. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, "नाना, तिथं सगळं मिळतं." नाना शांतपणे म्हणतात, "मिळतं रे. पण लागलं तर?" या प्रश्नाला उत्तर नाही. न्यायालयातही टिकेल असा हा प्रश्न आहे. लागलं तर? म्हणून कुकरची जादा रिंग. लागलं तर? म्हणून कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे. चार प्लगची एक्स्टेंशन, टेस्टर, इन्सुलेशन टेप, कैलास जीवन, बादली आणि मग, कारण नव्या बंगल्यांत नुसता शॉवर असतो आणि नानांचा शॉवरवर विश्वास नाही. शिवाय रंगकामाचा चार इंची ब्रश. हा कशाला, असं मीही विचारलं होतं. तर पायाची वाळू झाडायला. ओल्या वाळूवर आधी टाल्कम पावडर भुरभुरायची, ती कोरडी झाली की ब्रश मारायचा, पाय स्वच्छ. मी करून पाहिलंय. नानांचं हेच तर वाईट, की त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघतं.

काकूंना या यादीत वेगळं खातं आहे आणि त्यात नाना ढवळाढवळ करत नाहीत. काळा मसाला, कोंडाजीचा चिवडा, लोणचं, बेदाणे, पोळपाट-लाटणं ("तिथलं पोळपाट कोणी कशाला वापरलं असेल, सांगता येतं का?"), पाच किलो कांदे, आणि भिजवून फडक्यात बांधलेली मटकी. समुद्रावर पहिली न्याहारी मिसळीची, हा त्या घरचा शिरस्ता आहे. आदल्या रात्री गाठोडी बांधायची, म्हणजे कसाऱ्याला टोक फुटतं आणि नागावला पोचेपर्यंत मोड तयार. काकूंचं हे वेळापत्रक रेल्वेपेक्षा विश्वासार्ह आहे.

माझं स्वतःचं मत असं, की हे नाशिककराच्या रक्तातच असावं. दर बारा वर्षांनी सिंहस्थाला अख्खा देश डोक्यावर गाठोडं घेऊन आमच्या गावात येतो. पीठ, तवा, लाकडं, अंथरूण, देव, सगळं त्या गाठोड्यात. रामकुंडावर एक बुडी आणि त्यासाठी एवढा संसार. हे बघत आम्ही वाढलो. त्याचं उट्टं आम्ही अलिबागला काढतो.

गाडी भरणं हा मात्र स्वतंत्र विषय. पहाटे चारला पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन नाना उभे असतात. पिशव्यांना खडूने क्रमांक घातलेले. 'जे शेवटी लागणार ते आधी आत' हा नियम. मुलगा एक पिशवी उचलून दिसेल त्या फटीत कोंबतो, नाना ती काढतात, सगळी डिकी रिकामी करतात आणि पुन्हा भरतात. सुनेची छोटी चाकाची बॅग शेवटी मांडीवर येते. त्या बॅगेत काय आहे ते नानांनी विचारलेलं नसतं, पण डायरीत 'द्राक्षरस – नग २' अशी नोंद असते. नाशिकची द्राक्षं काय-काय होऊन बाटलीत जातात, हे त्यांना कळत नाही असं मुलाला आणि सुनेला वाटतं.

कसारा घाट उतरताना नाना एक प्रयोग करून दाखवतात. नाशकात झाकण घट्ट लावलेली रिकामी पाण्याची बाटली खाली पनवेलजवळ आपोआप चेपलेली असते. "दोन हजार फूट खाली आलो. हवेचा दाब," नाना म्हणतात. विमानांच्या गावातून निवृत्त झालेल्या माणसाला हा एवढा आनंद पुरतो. पेणला पोह्यांचे पापड घेण्यासाठी थांबा. त्यांना जागा नसते, म्हणून तेही सुनेच्या मांडीवर.

वडखळ ओलांडून अलिबागच्या रस्त्याला लागलं की खरी फजिती सुरू होते. कार्लेखिंडीच्या आसपास रस्त्याच्या दुतर्फा पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या असतात. हा अलिबागचा प्रसिद्ध गोडसर कांदा, भौगोलिक मानांकन मिळालेला. डिकीत लासलगावचा लाल कांदा, तोही मानांकनवालाच. काकू गाडी थांबवतात. नाना म्हणतात, "अगं, पाच किलो आहेत आपल्याकडे." काकू म्हणतात, "ते आपले. हे इथले." चार वेण्या येतात. अशा रीतीने आशियातल्या मोठ्यातल्या मोठ्या कांदाबाजाराच्या जिल्ह्यातला माणूस कांदे घेऊन कोकणात जातो आणि कांदे घेऊन परत येतो.

बंगल्यात शिरल्यावर पहिला तास तपासणीचा. नाना नळ उघडून बघतात, प्लगला टेस्टर लावतात, गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. केअरटेकरचा मुलगा "काका, सगळं ओके आहे" म्हणत मागून फिरत असतो. समुद्र शंभर पावलांवर असतो, त्याचा आवाज येत असतो. तिकडे जायच्या आधी चिवड्याचा डबा उघडला जातो. इथे एक गोष्ट नानांच्या यादीत कधीच बसली नाही: कोकणची हवा. चिवडा नाशिकच्या कोरड्या हवेत जन्मतो. द्राक्षांचे बेदाणेही त्याच हवेच्या कृपेने होतात. नागावच्या दमट खाऱ्या वाऱ्यात डबा अर्धा तास उघडा राहिला की पोहे सादळून मऊ पडतात, आणि मग तो चिवडा दातांखाली काही बोलत नाही. नाना तोंड बारीक करून झाकण लावतात आणि डायरीत लिहितात: 'पुढील खेपेस लहान पाकिटे.'

काकूंचं किनाऱ्यावर वेगळंच चालतं. सून फोटो काढते, नात किल्ला करते, काकू घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून दूरवर बघतात. मी म्हटलं, "काकू, केवढा समुद्र ना?" त्या म्हणाल्या, "केवढी ही जागा आणि केवढं हे ऊन. कुरडया केवढ्या वाळल्या असत्या." मे महिन्यातल्या मराठी बाईला मोकळी जागा दाखवली की ती आधी वाळवणाचा हिशेब करते. पलीकडे कोळणी जवळा वाळत घालत होत्या. काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या त्या व्यावसायिक आदराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायचा होता. तो समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. नानांच्या मुलाने फोनवर भरतीची वेळ शोधायला घेतली, तोवर केअरटेकरच्या आजोबांनी पायरीवर बसल्याबसल्या सांगून टाकलं, "आज पंचमी. तिथीची पाऊणपट करायची. पावणेचारला भरती. म्हणजे ओहोटी पावणेदहाला. साडेआठला निघा." नाना या हिशेबाने एवढे खूश झाले, की त्यांनी तो डायरीत उतरवून घेतला आणि तिथल्या तिथे पौर्णिमेला, अष्टमीला ताडून पाहिला. तोवर साडेआठ वाजले. मग मिसळ. कट उकळायला वेळ लागतो, मोड मात्र दमट हवेत वाजवीपेक्षा जास्तच लांब झाले होते. केअरटेकरच्या आईने घावन आणि नारळाची चटणी करू का असं विचारलं, त्यावर नाना अभिमानाने म्हणाले, "नाश्ता आम्ही आणलाय." सून आणि मुलगा "जरा फिरून येतो" म्हणून शेजारच्या वाडीत गेले आणि तासाने परत आले. सुरमईचा वास कपड्यांना राहतो, हे त्यांना माहीत नसावं. भांडी घासून होईपर्यंत अकरा वाजून गेले, आणि किल्ल्याच्या वाटेवर पाणी आलं.

"हरकत नाही," नाना म्हणाले. "उद्या षष्ठी. ओहोटी पाऊण तास उशिरा. आपल्या सोयीचंच झालं."

जवळच अक्षीला मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जाणारा शिलालेख आहे. तो पाहायचा म्हणून यादीत होता. यादीतच राहिला.

कारण संध्याकाळी शेजारच्या बंगल्यात मुंबईची मंडळी उतरली. फेरीने मांडव्याला आलेली, हातात एकेक बॅग, डोळ्यांवर गॉगल. नानांनी कुंपणावरून त्यांचं सामान पाहिलं आणि मान हलवली. अर्ध्या तासात त्यांच्यातली एक मुलगी आली. "काका, तुमच्याकडे चहाची गाळणी आहे का?"

त्या क्षणी नानांचा चेहरा जो उजळला, तसा मी तो त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलेला नाही. पिशवी क्रमांक चार. गाळणी निघाली. मग लायटर. मग डासांची अगरबत्ती. मग "काका, बाटलीचं बूच काढायला काही?" मुलगा आणि सून भिंतीकडे बघू लागले. नाना आत गेले आणि फिरकीचा स्क्रू घेऊन आले. "हा द्राक्षरसाच्या पिशवीत होता," ते मुलाकडे न बघता म्हणाले. "लागलं तर, म्हणून मीच टाकला होता."

तासाभरात मागच्या बाजूच्या बंगल्यातलेही येऊ लागले. नानांनी व्हरांड्यात टेबल ओढलं, डायरीत नवं पान काढलं आणि रकाने आखले: वस्तू, नग, कोणास, वेळ, परत, सही. मुंबईचे लोक आधी हसले, मग सह्या करू लागले. एकाने तर ओळखपत्र दाखवायचं का, असंही विचारलं. नाना म्हणाले, "नको, चेहरा लक्षात ठेवतो." काकूंनी वाइनच्या सहा पेल्यांत सगळ्यांना कोकम सरबत दिलं. षष्ठीची सकाळ एक्स्टेंशन परत घेण्यात, इस्त्री देण्यात आणि एका तापलेल्या पोराला पाण्यात इलेक्ट्रॉल कालवून देण्यात गेली. ओहोटी आली आणि गेली. किल्ला समुद्रात होता तिथेच होता.

निघायच्या दिवशी अकराला बंगला सोडायचा होता. दहाला नानांनी मोजदाद केली. सगळं परत आलं होतं, एक सांडशी सोडून. सही होती, वेळ होती, वस्तू नव्हती. मुंबईची मंडळी सकाळीच काशीदला गेलेली, संध्याकाळी येणार. मुलाने गाडी सुरू केली. सून पापड मांडीवर घेऊन बसली. केअरटेकरने शेजारच्या बंगल्याच्या स्वयंपाकघराची किल्ली आणून दिली, तर नाना म्हणाले, "त्यांच्या गैरहजेरीत कसं घेणार?" मग तो घरून आपली सांडशी घेऊन आला. "काका, ही न्या. ती आली की मी ठेवतो."

नानांनी ती हातात घेतली, उघडझाप करून पाहिली आणि परत दिली. "चांगली आहे. पण नंबर जुळत नाही."

शेवटी काकू गाडीतून ओरडल्या, "अहो, चला आता! सांडशीसाठी मुक्काम वाढवता का?" तेव्हा ते बसले. 'येणे बाकी' असा शेरा मारून त्यांनी डायरी मिटली. वडखळला चहा झाला, पनवेलला मुलाने पेट्रोल भरलं, पडघ्याला सगळे झोपले. घाट चढताना आरशात पाहिलं तर नानांनी मांडीवर डायरी पुन्हा उघडली होती आणि पुढच्या वर्षाची यादी सुरू केली होती. पहिली ओळ: 'सांडशी – नग ३ (एक देण्यासाठी, एक विसरण्यासाठी).'