कुलूप लावा, सुरक्षित राहा

अकरावी सायन्सला प्रवेश घेतलेल्या बीड जिल्ह्यातल्या तमाम लेकरांनो, तुमचं अभिनंदन. अकरावीचे प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. त्यामुळे धारूरच्या घाटात राहणाऱ्या पोरानंही नेट कॅफेवर बसून दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे, आणि शेवटी बापाच्या ओळखीचे सर जिथं असतील तिथंच जायचं. प्रवेश झाला की रसायनशास्त्र आलं, रसायनशास्त्रामागून प्रयोगशाळा आली, प्रयोगशाळेमागून सुरक्षेचे नियम आले. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींची तुमची गाठ पडेल न पडेल, म्हणून नियम आधीच सांगून ठेवतो.

पहिला नियम कुलपाचा. प्रयोगशाळेतला अपघात टाळायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रयोगशाळा उघडायचीच नाही. जगभरातल्या शास्त्रज्ञांना हे सुचलं नाही म्हणून त्यांचे हाल झाले. ज्याच्या नावाचा बर्नर तुम्ही चित्रात रंगवता, त्या बन्सेनचा एक डोळा आर्सेनिकच्या संयुगाच्या स्फोटात गेला. त्याच्या खोलीला आपल्यासारखं गोदरेजचं कुलूप असतं, तर बिचारा दोन्ही डोळ्यांनी पेन्शन खात बसला असता.

हे कुलूप कुणी लावलेलं नसतं, ते आपोआप लागतं. पूर्वी प्रयोगशाळेला एक मामा असायचे. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’, पण सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. कोणत्या बाटलीचं बूच घट्ट बसलंय, कोणत्या स्टुलाचा पाय मोडलाय, कोणत्या पोराच्या हाताला थरथर आहे, हे सगळं त्यांना ठाऊक. मामा रिटायर झाले, किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला गेली. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं खासगी अनुदानित शाळांमधली चतुर्थ श्रेणीची पदं रिकामी होतील तशी व्यपगत करायचं ठरलं. शिपाई गेले, पहारेकरी गेले, त्या यादीत प्रयोगशाळा परिचरही गेले. त्या बदल्यात शाळेला शिपाई भत्ता, ग्रामीण भागात पदामागे महिना पाच हजार. पाच हजारांत सल्फ्युरिक अॅसिडची राखण करणारा माणूस मिळत नाही. मिळालाच तर तो घंटाही देतो, टपालही नेतो आणि संस्थाचालकांच्या घरचा गॅसही लावून येतो.

याबाबतीत लंडनवाले फारच मागासलेले. १८१२ साली रॉयल इन्स्टिट्यूशनच्या हम्फ्री डेव्हींच्या डोळ्यांना नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटात इजा झाली. लिहायला मदतनीस हवा म्हणून त्यांनी पुस्तकं बांधणारा एक पोरगा धरला. पुढच्या वर्षी तिथल्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीपायी काढून टाकलं, तेव्हा ती जागा लगेच भरली. त्याच पोरानं. मायकेल फॅरडे त्याचं नाव. वित्त विभागाची हरकत नाही, आकृतिबंध नाही, संचमान्यता नाही, सरळ माणूसच नेमला! आपल्याकडे फॅरडेचं पद व्यपगत झालं असतं आणि विजेची मोटर शिपाई भत्त्यात बसवावी लागली असती.

तर कुलपाआड काय असतं? तालुक्याच्या एका गावी (नाव विचारू नका, तिथं आमच्या भाच्याचा प्रवेश आहे) खिडकीच्या फटीतून डोकावलो. टेबलावर पोषण आहाराच्या तांदळाची पोती, त्यावर स्नेहसंमेलनाचे थर्माकोलचे खांब, भिंतीला टेकलेला कॅरम. मागच्या कपाटात काळपट बाटल्या ओळीनं उभ्या. लेबलं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे कशात काय आहे हे वाळवीलाच माहीत. जडसंग्रह नोंदवहीत मात्र सगळं जागच्या जागी आहे. ‘सुरक्षा चष्मे, नग वीस.’ त्यातला एकही नग मला दिसला नाही. त्या नोंदवहीइतकी सुरक्षित प्रयोगशाळा महाराष्ट्रात दुसरी नसेल.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रयोग कुठं करायचे? जर्नलमध्ये. तीन गोष्टी लागतात: गेल्या वर्षीच्या ताईचं जर्नल, निळा पेन, आणि एक रविवार. ताईनं ते तिच्या आधीच्या दादाकडून उतरवलेलं असतं. त्यामुळे दादाला ब्युरेटचं जे रीडिंग आलं होतं, तेच आजही येतं, दशांशासह. पृथ्वीवर इतकं अचूक टायट्रेशन दुसरीकडे कुठं होत नाही. लेखी परीक्षेला आपल्याकडे भरारी पथक असतं, बैठं पथक असतं, कॉपीमुक्त अभियान असतं. जर्नलच्या कॉपीला मात्र ‘सर्टिफाइड’ म्हणतात आणि त्यावर प्राचार्यांची सही असते.

वर्ष सरता सरता तुमची प्रात्यक्षिक परीक्षा येईल, आणि शंभरापैकी तीस गुण त्यावर असल्यानं कुलूप उघडावंच लागेल. खरा धोका त्या दिवशीचा. ज्याच्या हाती वर्षभर परीक्षानळी आली नाही, त्याच्या हाती त्या दिवशी परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि संहत आम्ल एकदमच येतात. म्हणून पुढचं नीट ऐका. इथून थोडा वेळ मी थट्टा करत नाही, केलीच तर ती जिभेची खोड.

परीक्षानळी तापवताना तिचं तोंड कुणाकडेही करू नये, स्वतःकडे तर नाहीच. आतलं द्रावण एकदम उसळून बाहेर येतं. नियम सोपा आहे. अडचण एवढीच की एका टेबलाभोवती बॅचमधली वीस पोरं दाटीवाटीनं उभी असतात, त्यामुळे तोंड कुणीकडेही फिरवलं तरी समोर कुणीतरी असतंच. अशा वेळी बहुतेक जण शत्रुपक्षाकडे फिरवतात. ओढणी पिन लावून पक्की करा, केस बांधा, चपला घालून येऊ नका. दिवा जळत असताना त्यात स्पिरिट ओतू नका, आणि एका दिव्यावर दुसरा वाकडा करून पेटवू नका. घरी देवापुढं तेलाची समई तशी लावता, पण स्पिरिट तेलासारखं थांबत नाही.

पिपेट तोंडानं ओढू नये. हा नियम आपल्या मुलखात कुणाला पटत नाही, कारण ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीनं डिझेल ओढायला पोरं आठवीतच शिकतात. डिझेल तोंडात आलं तर थुंकता येतं, शिवी देता येते. ऑक्झॅलिक आम्ल किंवा पोटॅशियम परमँगनेट आलं तर शिवी द्यायलाही तोंड जागेवर हवं. रबरी फुगा मागा. नाही म्हणाले तर नोंदवही दाखवा, तिच्यात तोही असणार.

सोड्याला, म्हणजे कॉस्टिक सोड्याला, अॅसिडपेक्षा जास्त घाबरा. अॅसिडचं नाव मोठं म्हणून सगळे त्यालाच भितात. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण बोटाला लागलं की बुळबुळीत वाटतं, साबणासारखं. वाटतं कसलं, तो साबणच असतो. तुमच्या कातडीतल्या चरबीचा तो साबण करू लागलेला असतो. डोळ्यात गेलं तर असंच आत आत शिरत जातं, आणि सुरुवातीला दुखणं फारसं नसल्यानं माणूस डोळा चोळत बसतो.

मग पाण्याचा नियम. कोणत्याही मास्तरानं झोपेतून उठवून विचारलं तरी हे उत्तर यायला हवं: पाण्यात आम्ल घालायचं, थेंब थेंब, ढवळत. आम्लात पाणी घालायचं नाही. कारण संहत सल्फ्युरिक अॅसिड पाण्याच्या पावणेदोनपटीहूनही जास्त जड. त्यावर पाणी ओतलं की ते वरच तरंगतं, मिसळताना भयंकर उष्णता निघते, वरचं पाणी जागच्या जागी उकळतं आणि अॅसिड सोबत घेऊन तोंडावर उडतं.

उडालंच तर? जगातली सगळी पुस्तकं एकच उपाय सांगतात: वाहत्या पाण्याखाली धरा, निदान पंधरा-वीस मिनिटं. हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको, अॅसिडवर सोडा आणि सोड्यावर लिंबू असला शहाणपणा नको. फक्त पाणी, वाहतं आणि भरपूर. हे वाक्य लिहिणारा माणूस बीडला आलेला नसावा. मिनिटाला दोन लिटर एवढी बारीक धार धरली, तरी वीस मिनिटांचे चाळीस लिटर झाले, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. एका डोळ्याला! उन्हाळ्यात आपल्याकडे आठवड्यानं आलेल्या नळाच्या पाण्यावर घर कसं चालतं ते तुमच्या आयांना विचारा. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. उद्या कुणाच्या डोळ्यात सोडा उडाला, तर गाडीचं वेळापत्रक बघावं लागायचं. प्रयोगशाळेतल्या नळाची तोटी फिरवली की आधी हवा येते, मग गंजाचं तांबडं पाणी येतं, मग काहीच येत नाही. कोपऱ्यात एक झाकलेली बादली असते. ती प्राचार्यांच्या चहाची, तिला हात लावायचा नाही.

पाणी नसेल तर अंबाजोगाईला ‘स्वाराती’ मेडिकल कॉलेजात न्यावं लागेल. तिथं एमबीबीएसला नंबर लागावा म्हणून तर हा सगळा खटाटोप. या वाटेनं तो दोन वर्षं आधीच लागायचा.

तरी मला कधी कधी वाटतं, आपण उगाच घाबरतो. बीडच्या लेकराला रसायनांची सवय नाही, असं कोण म्हणतं? कापसावर औषध मारायचं असलं की हेच अकरावीचं पोरगं सुट्टीच्या दिवशी पाठीवर पंप घेतं. बाटलीच्या टोपणानं माप घेतं, बादलीत काडीनं ढवळतं, काडी सापडली नाही तर हातानं. बाटलीवर चौकट असते, तिचा खालचा अर्धा भाग रंगवलेला: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबत घडीचा कागद असतो, त्यावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा असं सगळं लिहिलेलं असतं. तो कागद पहिल्या वाऱ्यालाच दिशा दाखवून जातो. यवतमाळात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा समित्या बसल्या, मोजे-चष्म्यांचे संच वाटले गेले. वीस पोरांच्या बॅचला वर्षभर चष्मा लावून दर आठवड्याला एक प्रयोग करायला लावला असता, तर चष्म्याची सवय पोरानंच शेतावर नेली असती. पण शेतीचं खातं वेगळं, शिक्षणाचं वेगळं. दोघांमध्ये पोरगं एकच आहे हे कुठल्याच खात्याच्या रेकॉर्डवर नाही.

बरं, तुमच्यातली निम्मी मंडळी तर इथं नसणारच. नाव गावच्या टायअप कॉलेजात, देह लातूरच्या नाहीतर संभाजीनगरच्या क्लासमध्ये. त्यांचं तर बरंच आहे. नीटच्या पेपरात केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न १८० गुणांना, आणि ते गोल काळे करताना अजून तरी कुणाचा हात भाजल्याचं ऐकिवात नाही. क्लासच्या फ्लेक्सवर पांढरा अॅप्रन घालून हाताची घडी घातलेलं पोर दिसतं ना, त्या अॅप्रनवर एक डाग नसतो. डाग पडायला काहीतरी सांडावं लागतं.

गेल्या फेब्रुवारीत एका ठिकाणी तोंडी परीक्षेच्या वेळी मागच्या बाकावर बसायचा योग आला. बाह्य परीक्षक आलेले. त्यांच्यापुढं पोहे, पोह्यांनंतर चहा, चहानंतर जेवणाची बोलणी. व्हरांड्यात पोरांना सॉल्टचे नंबर आधीच कळलेले होते. तरी एका मुलीनं नायट्रेटची चाचणी खरोखर करून पाहिली. नळी तिरकी धरून भिंतीवरून अॅसिड इतकं हळू सोडलं की तिचा श्वासही थांबला असावा. दोन थरांच्या मध्ये ते तपकिरी वलय उमटलं. तिनं ते मैत्रिणीला दाखवायला नळी जरा हलवली, आणि वलय गेलं. हलवलं की जातंच. ती हिरमुसली, पण तिच्या चेहऱ्यावर जे येऊन गेलं होतं, ते जर्नलमधून उतरवता येत नाही.

मग तिचा नंबर आला. परीक्षकांनी ताटलीतलं लिंबू पोह्यांवर पिळत ठेवणीतला प्रश्न टाकला, “सांग बरं, अॅसिडमध्ये पाणी घालायचं का पाण्यात अॅसिड?”

“सर,” ती म्हणाली, “आधी पाणी आलंय का ते बघायचं.”

सर हसले. तीसपैकी तीस दिले. नाहीतरी ते सगळ्यांनाच द्यायचे होते.