डॅशबोर्डवाल्यांचा वेडेपणा

आकडेवारी लोकांपुढे मांडण्याची शहाण्या माणसाची रीत ठरलेली आहे. आकडे गोळा करावेत, बेरीज मारावी, एक स्तंभालेख काढावा, त्याची पीडीएफ करावी आणि वेळेवर घर गाठावं. याउलट, जिल्ह्यावर बोट टेकवलं की त्याचा आकडा उघडावा, तारखेची पट्टी सरकवली की नकाशाचा रंग पालटावा, वाचणाऱ्याला स्वतःचा प्रश्न स्वतः विचारता यावा, म्हणून रात्री जागवणारा माणूस व्यवहाराच्या हिशेबात वेडाच ठरतो. मी या वेडाच्या बाजूचा आहे आणि माझ्या मते ते आणखी पसरायला हवं.

2020चा उन्हाळा आठवा. देशातल्या कोविडच्या आकड्यांसाठी लाखो लोक ‘कोविड19इंडिया’ नावाची साइट उघडत होते. मार्चमध्ये सुरू झालेली ही साइट स्वयंसेवक चालवत होते, सरकारी खातं नव्हे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. प्रत्येक राज्याचं बुलेटिन वेगळ्या वेळी, वेगळ्या साच्यात यायचं. कुणाची पीडीएफ, तर कुणी ट्विटरवर तक्त्याचं चित्रच टाकायचं. त्यातले आकडे वाचून, पडताळून ही मंडळी नकाशात भरायची आणि वर सगळी कच्ची माहिती कुणालाही फुकट उतरवून घेऊ द्यायची.

यात किती मेहनत होती ते महाराष्ट्राच्या बुलेटिनवरूनच बघा. त्यात जिल्हा एका ओळीत आणि त्यातल्या महापालिका निराळ्या ओळींत असत. ठाणे जिल्हा घ्या: ठाणे, ठाणे मनपा, नवी मुंबई मनपा, कल्याण-डोंबिवली मनपा, उल्हासनगर मनपा, भिवंडी-निजामपूर मनपा, मीरा-भाईंदर मनपा. नकाशावर एक जिल्हा रंगवायचा तर सात ओळींची बेरीज. खाली वसई-विरार मनपा, पण ती पालघर जिल्ह्यात जाते, ठाण्यात नाही. आता ‘दर लाख लोकसंख्येमागे रुग्ण’ दाखवायचे म्हटलं, की पालघरची लोकसंख्या शोधा. 2011च्या जनगणनेत पालघर जिल्हाच नाही, कारण तो ठाण्यातून वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014ला. म्हणजे वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा असे आठ तालुके वेचून त्यांची बेरीज करायची आणि ती ठाण्यातून वजा करायची. जुनी नकाशाची फाईल वापरली तर पालघरची हद्दच सापडत नाही. बघणाऱ्याला दिसतो तो फक्त एक फिकट किंवा गडद ठिपका. त्यामागचं हे सगळं कुणाला दिसत नाही, कुणी विचारतही नाही, तरी ते करायचं. शहाणा माणूस इथेच उठून जातो.

मग आला 16 जून 2020. महाराष्ट्राने आधी नोंदवायचे राहून गेलेले 1,328 मृत्यू त्या दिवशी एकदम जोडले, त्यातले 862 एकट्या मुंबईचे. रोजच्या मृत्यूंच्या आलेखात एकाच दिवशी सुळका उभा राहिला. सुळका तसाच ठेवावा तर बघणारा घाबरणार, पुसावा तर ती लपवाछपवी. प्रामाणिक डॅशबोर्ड करणारा तिथे तिसरी वाट धरतो. त्या दिवसावर बोट नेलं की ‘यात मागील नोंदी समाविष्ट’ एवढी ओळ उघडेल, अशी सोय करतो. शंभरातले पाच जण ती वाचतील. त्या पाचांसाठी संध्याकाळ खर्ची घालणं मला थोर वाटतं.

कोविड19इंडियाच्या साइटवर ‘लॉग’ नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की उभ्या अक्षावर सारख्या अंतरावर 10, 100, 1,000 येतात आणि साथ रोज एकाच पटीने वाढत असेल तर रेघ सरळ दिसते. रेघ खाली वाकायला लागली की वेग मंदावतोय असं समजायचं. साध्या आलेखात हे डोळ्यांना कळत नाही, तिथे नुसता डोंगर चढत जातो. शाळेनंतर लॉगॅरिदमशी संबंध न आलेल्या समाजासमोर हे बटण ठेवण्यात लोकांच्या बुद्धीवर केवढा विश्वास आहे!

हे वेड तसं जुनं आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला, संगणकाचा वेळ सोन्याच्या भावाचा असताना, संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रिम-9’ नावाची यंत्रणा उभी केली. नऊ बाजू असलेली आकडेवारी पडद्यावर फिरवून बघायची, एवढ्यासाठी! स्वीडिश आरोग्यतज्ज्ञ हान्स रोस्लिंग यांनी 2006मध्ये व्याख्यानात आलेखावरचे देशांचे फुगे वर्षांगणिक हलवून दाखवले. 22 जानेवारी 2020ला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॉरेन गार्डनर आणि त्यांचे विद्यार्थी एनशेंग डोंग यांनी जगाचा कोविड नकाशा खुला केला. सुरुवातीला त्यातले आकडे हाताने भरले जात.

डॅशबोर्ड म्हणून मिरवणारं सगळंच या मोलाचं नाही. मोटारीच्या स्पीडोमीटरसारखी तबकडी, तिच्यात एक सुई, खाली 72 टक्के. कशाचे 72, मागच्या वर्षी किती होते, कुठल्या तालुक्यात कमी, काहीच उघडत नाही. बैठकीत पडद्यावर दाखवायला ते चालतं, पण नागरिकाच्या कामाचं नाही.

कोविड19इंडियाचं काम 31 ऑक्टोबर 2021ला थांबलं, तेही आधी कळवून. जॉन्स हॉपकिन्सने 10 मार्च 2023ला थांबवलं. पुढची साथ, पुढचा दुष्काळ, पुढचा पूर येईल तेव्हा असे वेडे पुन्हा उगवतील यात शंका नाही. कचेऱ्यांमधून आकडे प्रसिद्ध करणाऱ्यांना म्हणून एकच विनंती आहे. पीडीएफ काढाच, पण तिच्या शेजारी तोच तक्ता साध्या एक्सेल फाईलमध्येही ठेवा, आणि ठाण्याच्या सात ओळींपुढे जिल्ह्याचा रकाना भरा.