चर्चची हजेरी

दर रविवारी पुण्यातल्या चर्चांमध्ये राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते. त्यांना सुबुद्धी लाभो, न्यायाने कारभार चालो, असं मागणं मागितलं जातं आणि मंडळी ‘आमेन’ म्हणते. तरीही चर्चने राजकारणात पडू नये, हा सल्ला ख्रिस्ती माणसाला उठता-बसता ऐकावा लागतो. सल्ला देणाऱ्यांनी आपल्याच शहराकडे नीट पाहावं. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला सवाई माधवरावांच्या काळात, 1792 साली जागा मिळाली, ती पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांना उपासना करता यावी म्हणून. कॅम्पातलं सेंट मेरीज 1825 मध्ये इंग्रजांच्या पलटणीसाठी उभं राहिलं. या दोन्ही वेदी सत्तेच्या गरजेतून आल्या आहेत.

सत्तेला जाब विचारणारी भक्तीही इथलीच. 1897 च्या प्लेगात पुण्यातल्या प्लेग-रुग्णालयात बायकांची जी दैना झाली, तिच्याबद्दल पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती राणीचं आणि रमाबाईही ख्रिस्ती, पण म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. गव्हर्नरने आरोप फेटाळले. चारच वर्षांपूर्वी रमाबाईंच्या शारदा सदनातल्या धर्मांतराच्या वादात याच पुण्याने त्यांना झोडपलं होतं. तरी त्या बोलल्या.

आज जाब विचारण्यासारखं काय आहे? 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश आहे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा मुळात जवळजवळ फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शिखांना मिळाला. नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्धांना केंद्रात तो मिळायला 1990 उजाडलं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेरच आहेत. नगर-जालन्याकडून पोटासाठी पुण्यात आलेल्या ख्रिस्ती दलित कुटुंबांना हा परिच्छेद पाठ आहे.

26 नोव्हेंबर 2024 ला, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या सेल्वराणी यांचा अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठीचा दावा नाकारला. आपण हिंदू आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या विरोधात गेलेल्या गोष्टींमध्ये बाप्तिस्मा होता आणि नियमित चर्चला जाणंही. न्यायालयाने कायद्याप्रमाणे निकाल दिला, माझी तक्रार त्या कायद्याशी आहे. घटनेचं कलम 25 उपासनेचं स्वातंत्र्य देतं आणि हा आदेश त्याच उपासनेची किंमत वसूल करतो. चर्चच्या बाकावर बसणं सरकारदरबारी नोंदलं जात असेल, तर उपासना आणि राजकारण वेगळं ठेवा, हे त्या बाकावरच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कशाला, असं विचारतात. धर्मग्रंथात नसेल, गावात आहे. बाप्तिस्मा झाला म्हणून कुणाचं घर गावकुसाच्या आत आलं नाही. चर्चमध्येही सोयरीक जुळवताना मूळ गाव आणि आडनाव विचारलं जातंच, आणि त्याबद्दल पाळकांनी व्यासपीठावरून कठोर बोलायला हवं. पण चर्चमध्ये जात टिकली, हे त्या जातीच्या माणसाला हक्क नाकारण्याचं कारण कसं होईल? उलट जात टिकली आहे, याचाच तो पुरावा आहे.

या प्रश्नावरची याचिका 2004 पासून न्यायालयात आहे. 2022 मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. म्हणजे प्रश्न पुढे ढकलण्याची सोय झाली.

मंडळींनो, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना जरूर करा, पण त्या प्रार्थनेत 1950 च्या आदेशाचं नाव घ्या. आणि येत्या नाताळात जो पुढारी चर्चच्या दारात शुभेच्छा द्यायला येईल, त्याला सगळ्यांदेखत विचारा: तिसरा परिच्छेद रद्द करायला तुमचा पक्ष तयार आहे का? उत्तर हो किंवा नाही, एवढंच घ्या आणि मतदानापर्यंत लक्षात ठेवा.